तेरा जणींचं नापास होणं

केंद्राची जागा

जागा म्हणजे एक खोली, आणि खोलीच्या मधोमध एक खड्डा.

खड्डा मागाचा. हातमाग चालत होता तेव्हा विणणारा त्यात पाय सोडून बसायचा. पुढे माग विकला गेला, पण खड्डा कोण विकत घेणार? तो राहिला. घर देवकी निमजेचं. नवरा गिरणीत बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचं. पाचपावलीच्या त्या गल्लीत घरोघरी हेच झालेलं. माग गेले, पुरुष बाहेर पडले आणि बायकांच्या मांडीवर सुपं आली. सुपात तेंदूची भिजवलेली पानं, जर्दा, कात्री, दोऱ्याचं रीळ.

दुपारी दोन ते चार तिथं प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरायचा. पटावर तीस बायका. त्यातल्या आठ जणींना खड्ड्याच्या काठावर जागा मिळे. दिवसभर मांडी घालून बिड्या वळणाऱ्या बाईला दोन तास पाय खाली सोडायला मिळणं म्हणजे सुखाची परमावधी, त्यामुळे बायका वेळेआधी येऊन जागा धरत. तक्त्यात ‘सरासरी उपस्थिती ९४ टक्के’ असं लिहिलं गेलं. त्यात खड्ड्याचा वाटा किती, हे लिहायची सोय नव्हती.

मोजणारी

उत्तरा देवपुजारी. वय चौतीस, राहणार धरमपेठ, पर्यवेक्षिका. नेमणूक हंगामी, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश निघे, आणि तो निघेपर्यंतचे पंधरा दिवस तिच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. घरात म्हणजे ती आणि अंथरुणाला खिळलेले वडील.

तक्त्यावर तिची श्रद्धा होती. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. आधीचे तपासनीस यायचे, पोहे खायचे आणि वहीत ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारून जायचे. ज्या केंद्रावर पोह्यांवर तर्री चांगली, ते केंद्र जास्त समाधानकारक. मग १९७९ साली वरून पत्र आलं, की यापुढे किती शिकवलं ते विचारू नका, किती आलं ते विचारा. मिनिटाला तीस शब्द वाचता आले पाहिजेत. नाव-पत्ता लिहिता आला पाहिजे. शंभरपर्यंत आकडे. उत्तराला ते पत्र वाचून एखाद्या बंद खोलीची खिडकी उघडावी तसं वाटलं होतं. तक्त्याला पोहे चारता येत नाहीत.

निष्पत्ती-तक्ता ठरवायला जी बैठक झाली तिथं ती होती. शेवटच्या खुर्चीवर, पण होती. साहेब म्हणाले, साठ टक्के बायका साक्षर झाल्या तर केंद्र यशस्वी. उद्दिष्ट पूर्ण, केंद्र बंद करून दुसऱ्या वस्तीत न्यायचं. साठाच्या खाली अयशस्वी, तेही बंद. तेव्हा उत्तरा उठून म्हणाली, ‘‘सर, अर्ध्यावर आलेल्यांचं काय?’’ त्या एका प्रश्नातून मधली पायरी निघाली. चाळीस ते साठ टक्क्यांच्या मधे निकाल लागला तर केंद्राला सहा महिने मुदतवाढ आणि दुसरं पुस्तक. दहा वर्षांच्या नोकरीत कागदावर उमटलेलं तिचं स्वतःचं असं एवढंच.

शिकवण्याची पद्धत

शिकवायची तारा. दहावी नापास, सव्वीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, आवाज खणखणीत.

पद्धत अशी. तारा पुस्तकातली ओळ मोठ्यानं वाचणार, बायका मागून म्हणणार. हात थांबत नाहीत. थांबवून चालणारच नाही. संध्याकाळी सातला बिड्यांचे कट्टे मोजून द्यायचे असतात. पानाचा तुकडा, चिमूटभर जर्दा, वळ, दुमड, दोरा, तोड. डोळे सुपात, कान ताराकडे.

‘‘आपली गल्ली, आपले घर.’’

‘‘आपली गल्ली, आपले घर.’’

‘‘गल्लीत नळ आहे. नळाला पाणी आहे.’’

‘‘खोटं लिवलं वं,’’ मागून कोणीतरी म्हणायचंच. ‘‘पाणी कुठी हाय?’’

‘‘पुस्तकातल्या नयाले हाय, मावशी. पुढं म्हणा.’’

एका धड्यात सहा बिड्या होत. बायका धडा पानांवर नाही, बिड्यांवर मोजत. दहा महिन्यांत चोवीस धडे झाले आणि चोवीसही सगळ्यांच्या तोंडात बसले.

वार्षिक मोजणीच्या आठवडाभर आधी उत्तरा चाचपणीला आली. जिजाबाई परातेनं पुस्तक हातात धरून नववा धडा घडाघडा वाचला. मिनिटाला बावन्न शब्द. उत्तरा हरखली. सहज म्हणाली, ‘‘आता यातली तिसरी ओळ परत वाचा बरं.’’

जिजाबाईनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

‘‘नाही नाही, फक्त तिसरी.’’

‘‘तेच तं करून राहिली, बाई. तिसरीवर जाले पहिलीवरूनच जा लागते ना.’’

गाण्याचं मधलं कडवं विचारलं की माणूस पहिल्यापासून गुणगुणत त्याच्याशी येतो, तसं होतं हे. तिनं पुस्तक मिटलं. जिजाबाई मिटलेल्या पुस्तकाकडे बघत पुढची ओळ म्हणत राहिली.

त्या दुपारी उत्तरानं एकेकीला बाजूला घेतलं. सतरा जणींना अक्षर ओळखता येत नव्हतं. तेरा जणींना येत होतं. या तेरा जणी हात थांबवणाऱ्या. त्यांचे कट्टे रोज कमी भरत, त्या घरी बोलणी खात, पण तारा ओळ वाचायला लागली की मान वर करून फळ्याकडे बघत. त्यांतली पहिली देवकी.

देवकीला काय पाहिजे होतं

देवकीला जोडाक्षरं पाहिजे होती.

पहिल्या पुस्तकात ती जवळजवळ नाहीत, ती दुसऱ्यात. आणि बाहेरच्या जगात तर पावलापावलाला जोडाक्षर. औषधाच्या बाटलीवर, बसच्या पाटीवर, दवाखान्याच्या भिंतीवर.

‘‘बाई, मले अर्धं येते,’’ ती उत्तराला म्हणाली. ‘‘अर्धं येणं लई वाईट. आंधया बरा, त्याले मालूम असते का आपल्याले दिसत नाही. मी वाचाले जाते अन् मधातच दार लागते. परवा पोराच्या दवाईवर वाचलं, ‘दोन चमचे’ आलं, मंग एक जोडलेलं अक्षर आलं. आता दोन चमचे कवा द्याचे? जेवाच्या आंदी का जेवल्यावर?’’

‘‘ताराला विचारायचं.’’

‘‘ताराले किती दिवस विचारू? वर्ग बंद झाला का तारा जाईन पोट भराले. अन् मले कोण कामातून दोन तास सोडन? सरकारचा वर्ग हाय म्हून सासू गप बसते. मले दुसरं पुस्तक पायजे बाई. बस. बाकी काई नाई.’’

हिशेब कोणी केला

उत्तरानं नाही केला. हे तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

तिनं ताराला फक्त नियम समजावून सांगितला. सतरा जणी पाठांतरावर पास होणार, तेरा जणी वाचून पास होणार. तीसच्या तीस. शंभर टक्के. केंद्र बंद. आणि खरं लिहायचं ठरवलं तरी पंचाईत. चाचणीला उतारा पुस्तकातलाच द्यायचा आणि म्हटला तो वाचला असं धरायचं, ही तर लेखी सूचना. हे बोलणं चाललं होतं दाराशी, आणि आत तीस जणींच्या कात्र्या थांबल्या होत्या.

‘‘म्हणजे साऱ्या पास झाल्या तं बंद,’’ देवकीनं आतून विचारलं, ‘‘अन् साऱ्या नापास झाल्या तं?’’

‘‘तरी बंद.’’

‘‘मंग आम्ही तेरा जणी नापास होतो ना.’’

हशा पिकला. ‘‘पाय वं इचं! ज्यायले येते ते नापास?’’

‘‘त्यायलेच तं पुढं शिकाचं हाय. तुले शिकाचं हाय का, जिजामाय?’’

‘‘मले काहून? मले सर्टिफिकीट द्या बाई, भिताडावर लावतो. विहीन सातवी शिकली म्हून नाक वर करून चालते. इले म्हणतो, पाय, सरकारनं शिक्का मारला.’’

‘‘सतरा पास म्हणजे किती टक्के होते, तारा?’’ देवकीनं विचारलं.

ताराला टक्के येत नव्हते. सगळ्यांनी उत्तराकडे बघितलं.

उत्तरा म्हणाली, ‘‘छप्पन. साडेछप्पन.’’

ती एवढंच बोलली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पण बायकांना पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि कात्र्या पुन्हा सुरू झाल्या.

वाचनगती

जिजाबाई पराते, मिनिटाला चोपन्न शब्द. उत्तीर्ण.

तिच्यामागून सोळा जणी. उत्तीर्ण.

देवकी निमजे. पुस्तक उघडलं. बराच वेळ बघितलं. तिचे ओठ हलले. उत्तरानं पाहिलं की ती मनात वाचते आहे, ओळ संपून पान उलटायला बोटही पुढे आलं आणि तिथंच थांबलं.

‘‘नाई येत, बाई.’’

शून्य. अनुत्तीर्ण. तिच्यामागून बारा जणी.

तक्त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. जसं ऐकलं तसं लिहिलं. खाली उत्तरानं सही केली, आणि सायकलवरून परत जाताना कमाल चौकात तिला एकदम हसू आलं. फार दिवसांनी.

तीन महिने

हे तक्त्यात नाही.

दुसरी पुस्तकं आली. वर्गात आता तेराच जणी, काठावर आळीपाळीनं सगळ्यांना जागा. सूप बाजूला ठेवायचं, असं त्यांनी आपसात ठरवलं. तारा फळ्यावर ‘रस्ता’ लिही आणि देवकी म्हणे, थांब, सांगू नको. मग ती अर्धा स तोंडात घोळवायची, खडीसाखर चघळावी तसा. एकदा उत्तरा पोचली तर आतून वर्तमानपत्र वाचल्याचा आवाज. जर्दा बांधून आलेला चुरगळलेला तुकडा होता, बातमी चार महिने जुनी आणि मधेच फाटलेली. देवकी अडखळत, मागे येत, पुन्हा पुढे जात ती वाचत होती. बातमी फाटली तिथं ती थांबली आणि म्हणाली, ‘‘आता मले मालूम हाय का हे कागदानं तोडलं, मी नाई.’’

उत्तरा त्या दिवशी तिथं पोहे खाऊन गेली. तिखट होते.

धारणा-पाहणी

पाहणीचं पत्र आलं तेव्हा उत्तराला आठवलं. त्याच बैठकीत, शेवटी, सगळे उठता उठता ठरलं होतं. मुदतवाढ मिळालेल्या केंद्रात तीन महिन्यांनी बाहेरचा माणूस जाईल. साक्षर ठरलेल्यांना न पाहिलेला उतारा देईल. त्यांच्यात ज्ञान टिकलं नसेल तर मुदतवाढ रद्द. चांगलाच नियम होता. तिनंही मान डोलावली होती.

पुण्याहून मुकुंद सोहोनी आले. चाळिशीचे, सौम्य, घामानं बेजार. पोहे नको म्हणाले, पाणी मागून घेतलं. त्यांच्याकडे सतरा नावांची छापील यादी होती, आणि एक उतारा, विहिरीच्या स्वच्छतेवरचा.

जिजाबाई पदर सावरून पुढे झाली. कागद दोन्ही हातांत धरला. घसा साफ केला.

‘‘आपली गल्ली, आपले घर. गल्लीत नळ आहे...’’

सोहोनींनी तिला अडवलं नाही. पूर्ण धडा होऊ दिला. मग म्हणाले, ‘‘छान म्हणता. आता हे, इथं लिहिलंय ते वाचा.’’

‘‘तेच वाचलं ना, साहेब.’’

कोणी हसलं नाही. जिजाबाईनं कागदाकडे पाहिलं, मग ताराकडे, मग आपल्या हातांकडे. बिडी वळताना असतात तशी तिची बोटं कागदाच्या कडेवरून फिरत होती. ‘‘घरी भिताडावर सर्टिफिकीट हाय माह्यं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आणू का?’’

सतरांपैकी सतरा. शून्य.

सोहोनी कागद आवरायला लागले तेव्हा देवकी उठून समोर आली.

‘‘साहेब, माह्यी राह्यली.’’

‘‘नाव?’’

‘‘देवकी निमजे.’’

त्यांनी यादी वरून खाली पाहिली. ‘‘तुमचं नाव नाही, बाई. ही साक्षर झालेल्यांची यादी आहे.’’

‘‘मले वाचता येते.’’

‘‘असेल. पण तुम्ही अनुत्तीर्ण आहात. तुमची धारणा मला मोजता येणार नाही. जे आलंच नव्हतं ते टिकलं की नाही, कसं मोजू?’’

देवकीनं टेबलावरचा उतारा उचलला आणि वाचायला लागली. सावकाश, पण मागे न येता. विहिरीच्या भोवती स्वच्छता ठेवावी. कट्ट्यावर भांडी घासू नयेत. दर पंधरवड्याला पाण्यात औषध टाकावे. ‘स्वच्छता’शी ती क्षणभर थांबली, दोन्ही जोडाक्षरं एकापाठोपाठ पार केली आणि पुढे गेली. तिच्यामागे बारा जणी उभ्या राहिल्या होत्या. एकीनं हात पुढे केला. कागद तिला पाहिजे होता.

सोहोनींनी पेन खाली ठेवलं. चांगला माणूस होता तो. कपाळ पुसून उत्तराकडे वळला.

‘‘हे कसं? ज्यांना येतं त्या अनुत्तीर्ण, ज्यांना येत नाही त्या उत्तीर्ण? मॅडम, निकाल लावताना काही चुकलं का? चुकलं असेल तर सांगा. पर्यवेक्षिकेनं लेखी दिलं, की आधीचा निकाल सदोष आहे, तर मी तिसांचीही पुन्हा चाचणी मागवू शकतो. तेरा म्हणजे त्रेचाळीस टक्के. केंद्र वाचेल.’’

तेरा बायकांनी उत्तराकडे पाहिलं.

आदेश संपायला नऊ दिवस होते. सदोष निकाल लावणाऱ्या पर्यवेक्षिकेला दहावा दिवस नसतो, हे खोलीत दोघांनाच माहीत होतं, तिला आणि सोहोनींना. म्हणूनच ते इतक्या हळू बोलत होते. तिला डोळ्यांपुढे वडिलांचा पांघरुणाबाहेर आलेला पाय दिसला. तिला वाटलं, बोलते. तोंड उघडलं आहे, आता शब्द येईल. खरोखरच तिला तसं वाटत होतं.

खोलीत किती वेळ गेला ते कोणी मोजलं नाही.

‘‘तवा माह्ये डोये आले होते, साहेब,’’ देवकी म्हणाली. ‘‘लाल झाले होते. काईच दिसे ना.’’

‘‘तेरा जणींचे?’’

‘‘साथ होती.’’

सोहोनी उत्तराकडे बघत राहिले. उत्तरा जमिनीकडे. मग त्यांनी पेन उचललं आणि शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं, दोन ओळींपेक्षा जास्त नाही.

शेरा

एकाच दिवशी दोन लिफाफे आले. एकात केंद्र बंद करून साहित्य जमा करण्याचा हुकूम. दुसऱ्यात उत्तराची पुढच्या अकरा महिन्यांची नेमणूक.

ती साहित्य न्यायला गेली. तारा नव्हती, इतवारीत एका दुकानात लागली होती. फळा गुंडाळून भिंतीशी ठेवलेला. पाट्या मोजून रचलेल्या. तेरा दुसरी पुस्तकं, त्यांना वर्तमानपत्राची वेष्टणं घातलेली. ती वेष्टणंही देवकीनं काढून घेतली नव्हती.

देवकी दाराजवळ सूप घेऊन बसली होती. हात चालू होते.

‘‘पुस्तक राहू दे तुझ्याकडे,’’ उत्तरा म्हणाली. ‘‘एक हरवलं असं लिहिते.’’

‘‘नको, बाई. तुमच्या कागदात खोटं नसते.’’

उत्तरा उभी राहिली. शेवटी जे बोलायचं नव्हतं तेच बोलली, ‘‘तू कशाला सांगितलंस डोळ्यांचं? का सांभाळून घेतलंस मला?’’

देवकीनं दोरा दातानं तोडला. एक बिडी सुपाच्या कडेला ठेवली, दुसरं पान उचललं.

‘‘मी नाई सांभायलं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी काई बोलान म्हून मी लई वेळ थांबली होती. मंग मले समजलं.’’

‘‘देवकी...’’

‘‘उजेडातून सरका, बाई. दोरा दिसून नाई राहिला.’’

उत्तरा सरकली.